मोबाइलचा कॅमेरा पन्नास मेगापिक्सेलचा, मग डोळ्यातली चिप ३७८ ठिपक्यांचीच का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहेत. त्यांच्या मामांना रेटिनायटिस पिग्मेंटोसा, म्हणजे डॉक्टरांच्या तोंडी 'आरपी', आहे. डोळ्याच्या पडद्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या पेशी हळूहळू मरत जाण्याचा हा आनुवंशिक आजार. वय पन्नाशीच्या पुढे, आता जेमतेम उजेड-अंधार कळतो. 'डोळ्यात चिप बसवल्यावर अंध रुग्ण वाचू लागले' ही बातमी घरच्या ग्रुपवर आल्यापासून सगळे एकच विचारताहेत: मामांना बसवता येईल का? आणि त्यांचा स्वतःचा प्रश्न असा की, साध्या मोबाइलमध्ये पन्नास मेगापिक्सेल असताना या चिपमध्ये चारशेसुद्धा ठिपके का नाहीत? हजारो इलेक्ट्रोड, म्हणजे पेशींना वीज देणारी बारीक टोकं, घालायला हरकत काय?

मामांचं आधी सांगतो, कारण घरचे त्याचीच वाट बघत असणार. बातमीतली चिप मामांच्या आजारासाठी नाही. ज्या चाचणीची ती बातमी आहे त्यातले सगळे रुग्ण वेगळ्या आजाराचे होते. शिवाय आज भारतात कुठल्याही रुग्णालयात पैसे भरून ती बसवून मिळत नाही. कुणी 'आमच्याकडे होते' म्हणालं तर खिशात हात घालू नका. मामांसाठी काय करता येईल ते शेवटी लिहितो. तिथे तुमच्या स्वतःच्या कामाचंही काही आहे, तेव्हा तेवढं तरी वाचाच.

आता इंजिनिअरिंग. मी गेली बरीच वर्षं शरीरात बसवायच्या उपकरणांचे इलेक्ट्रोड आणि त्यांची आवरणं यांवर काम करतो. डोळ्यांचा डॉक्टर नाही, पण पडद्याच्या सर्जन लोकांबरोबर बसूनच हे काम होतं.

डोळ्याच्या मागच्या बाजूला जो पातळ पडदा असतो, त्यात साधारण १२ कोटी दंडपेशी आणि ६० लाखांच्या आसपास शंकूपेशी प्रकाश टिपतात. त्यांचा संदेश मधल्या थरातल्या द्विध्रुवी पेशींकडे जातो, तिथून गॅंग्लियन पेशींकडे. या शेवटच्या पेशी दहा-बारा लाखच. त्यांचे लांब तंतू एकत्र येऊन डोळ्याची नस बनते. आरपीमध्ये आधी दंडपेशी जातात, म्हणून सुरुवात रातांधळेपणाने होते. मग बाजूचं दिसणं आक्रसत येतं आणि शेवटी शंकूपेशीही जातात. म्हातारपणी होणाऱ्या मॅक्युलाच्या, म्हणजे पडद्याच्या मध्यभागाच्या, झिजेत उलटं होतं: मधलं जातं, कडेचं राहतं. पण दोन्हींत मधल्या आणि शेवटच्या थरातल्या पुष्कळ पेशी मागे उरतात. त्यांची जुळणी विस्कटते, तरी त्या जिवंत असतात. त्यांना विजेचा छोटा धक्का दिला की माणसाला उजेडाचा ठिपका दिसतो. सगळ्या कृत्रिम पडद्यांचा पाया एवढाच. काचबिंदूत नसच सुकलेली असते, तिथे पडद्यावर कितीही भारी चिप बसवा, पुढे निरोप नेणारं कुणी उरलेलं नसतं. तशा रुग्णांसाठी थेट मेंदूच्या दृष्टिभागावर इलेक्ट्रोड ठेवायचे प्रयोग चालू आहेत. तो वेगळा विषय आहे, इथे शिरत नाही.

कल्पना जुनी आहे. १९५६ मध्ये ग्रॅहॅम टॅसिकर या ऑस्ट्रेलियन माणसाने पडद्यामागे सेलेनियमचा प्रकाशसंवेदी तुकडा ठेवून पेटंट घेतलं होतं. प्रत्यक्ष बाजारात आलेलं सर्वांत नावाजलेलं उपकरण म्हणजे कॅलिफोर्नियातल्या सेकंड साइट कंपनीचं आर्गस-२. त्याला युरोपात २०११ मध्ये आणि अमेरिकेत फेब्रुवारी २०१३ मध्ये परवानगी मिळाली. मार्क हुमायून आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं हे कित्येक वर्षांचं काम. २००२ मध्ये त्यांनी १६ इलेक्ट्रोडचं पहिलं रूप माणसात बसवलं होतं. आर्गस-२ मध्ये ते साठ झाले. तुमच्या प्रश्नाचं उत्तर समजायला हेच उपकरण बारकाईने बघू.

चष्म्यावर कॅमेरा, कमरेला प्रोसेसर. प्रोसेसर चित्राचे साठ आकडे करतो आणि चष्म्याच्या कडेच्या कॉइलमधून ते बिनतारी डोळ्याकडे पाठवतो. बुबुळगोलाच्या बाहेरच्या बाजूला, पट्टा बांधून, एक हवाबंद डबी शिवलेली असते. तिच्यात इलेक्ट्रॉनिक्स. डबीतून एक चपटी पातळ केबल डोळ्याची भिंत भेदून आत जाते आणि तिच्या टोकाला ६ गुणिले १० अशी इलेक्ट्रोडची जाळी, जी एका बारीक खिळ्याने पडद्यावर टाचलेली असते. प्रत्येक इलेक्ट्रोड २०० मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) व्यासाचा, दोघांत अर्ध्या मिलिमीटरहून थोडं जास्त अंतर.

यात कॅमेऱ्याने डोकं कुठेही खाल्लेलं नाही. कॅमेरा तेव्हाही लाखो पिक्सेलचा होता, त्यातलं बहुतेक सगळं टाकून देऊन साठ आकडे उरवायचे होते. गळचेपी होते ती डबीच्या भिंतीत. साठ इलेक्ट्रोड म्हणजे साठ तारा, आणि प्रत्येक तार हवाबंद भिंतीतून बाहेर काढायची म्हणजे साठ भोकं. प्रत्येक भोक सिरॅमिक आणि धातूच्या जोडाने असं बंद करायचं की मिठाचं पाणी वर्षानुवर्षं आत शिरता कामा नये. शरीर म्हणजे ३७ अंशांवरचं खारं पाणी, आणि चालू व्होल्टेज असलेल्या धातूला त्याच्याइतका वाईट शेजारी नाही. हजार इलेक्ट्रोड म्हणजे मसुराच्या डाळीएवढ्या जागेत अशी हजार भोकं. एक गळलं की सगळं गेलं, आणि दुरुस्ती म्हणजे पुन्हा डोळ्याचं ऑपरेशन.

याची तपासणी कशी करतात तेही सांगतो, कारण या धंद्याचा निम्मा वेळ तिच्यातच जातो. नमुने मिठाच्या पाण्यात बुडवून गरम कपाटात ठेवायचे. तापमान दहा अंशांनी वाढवलं की झीज साधारण दुप्पट वेगाने होते असा ठोकताळा आहे, म्हणजे ६७ अंशांवर दीड महिना ठेवलं तर शरीरातलं एक वर्ष उरकलं असं धरायचं. दर काही दिवसांनी प्रत्येक तारेची इम्पीडन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, एक किलोहर्ट्झवर मोजायची. आकडा अचानक चढला तर तार कुठेतरी तुटली. हळूहळू उतरत गेला तर पाणी आत शिरलं आणि शेजारच्या तारेशी संधान बांधलं. मग मायक्रोस्कोपखाली बघावं तर आवरणाच्या प्लॅस्टिकचा थर एखाद्या कोपऱ्यात जेमतेम सुटलेला दिसतो, खाली पाण्याचा सपाट बुडबुडा. चित्रात न दिसणारी धूळ, धुताना राहिलेला डाग, एवढं कारण पुरतं. विद्यार्थी या क्षेत्रात येतात ते चिप डिझाइन करायला, आणि अडकतात चिकटपणाच्या रसायनशास्त्रात. मला विचाराल तर खरी मजा तिथेच आहे, पण ते असो.

समजा तारांचा प्रश्न सुटला. तरी इलेक्ट्रोड हवे तेवढे बारीक करता येत नाहीत. प्लॅटिनमच्या पृष्ठभागावर एका मर्यादेपलीकडे व्होल्टेज गेलं की पाण्याचं विघटन सुरू होतं, वायू सुटतो, आम्लता बदलते, धातू विरघळतो आणि शेजारच्या पेशी मरतात. म्हणून दर स्पंदनात जेवढा विद्युतभार आत सोडला तेवढाच उलट दिशेने परत ओढून घ्यायचा, आणि दर चौरस सेंटीमीटरला किती भार द्यायचा याची कमाल मर्यादा पाळायची. आर्गस-२ साठी ती ०.३५ मिलिकूलोम होती (कूलोम हे विद्युतभाराचं एकक). आता हिशेब करा: व्यास निम्मा केला की क्षेत्रफळ पाव होतं, म्हणजे देता येणारा भारही पाव. पेशीला मात्र जागं व्हायला जेवढा भार लागतो तेवढा लागतोच. मग उपाय एकच, इलेक्ट्रोड पेशीच्या अगदी जवळ न्या. पण पडदा गोलाकार, जाळी जवळपास सपाट, खिळा एकाच जागी. कुठे जाळी टेकते, कुठे तिच्यात आणि पडद्यात शेकडो मायक्रॉनची फट राहते. फट असली की वीज पसरते आणि शेजारपाजारच्या सगळ्यांना उठवते.

त्याहून गंमतशीर त्रास म्हणजे रेघा. एक इलेक्ट्रोड चालू केला की एक गोल ठिपका दिसावा, ही आपली अपेक्षा. रुग्णाला टचस्क्रीनवर 'जे दिसलं ते बोटाने काढा' म्हटलं, तर कित्येक जण वाकडी लांबट रेघ काढतात, कुणी पाचर, कुणी कमान. कारण जाळी बसते त्या पृष्ठभागावरून दूरच्या गॅंग्लियन पेशींचे तंतू नसेकडे निघालेले असतात. वीज त्या वाटसरू तंतूंनाही लागते, आणि मेंदूला वाटतं की उजेड त्या दूरच्या पेशीपाशी पडला. तंतू ज्या वाटेने वळतात त्याच वळणाची रेघ दिसते. इथे ठिपक्यांची संख्या वाढवून काय मिळणार? साठाऐवजी सहाशे रेघा एकमेकींवर पडतील.

आणि पडद्यात एकाच तऱ्हेच्या पेशी नसतात. काही पेशी उजेड वाढला की बोलतात, काही कमी झाला की. अशा वीसेक तरी जाती आहेत आणि निरोगी डोळ्यात प्रत्येकीची वेळ आणि लय वेगळी असते. इलेक्ट्रोड त्या सगळ्यांना एकदम हलवतो. हार्मोनियमवर कोपर टेकवून भैरवीची अपेक्षा धरण्यासारखं आहे ते. सूर येतो, राग येत नाही. बहिऱ्यांच्या कानात बसवायच्या कॉक्लिअर इम्प्लांटमध्ये वीस-बावीस इलेक्ट्रोडवर माणसं फोनवर बोलू लागतात, मग डोळ्यात साठ का पुरत नाहीत, असं अनेकजण विचारतात. बोलण्यातला अर्थ काळानुसार येणाऱ्या थोड्या पट्ट्यांच्या चढउतारांतून कळतो. चित्राला एकाच क्षणी हजारो जागा लागतात, त्याही आपापल्या ठिकाणी.

ठिकाणाचीही एक खोड आहे. आर्गसचा कॅमेरा चष्म्यावर, पण मेंदू ठिपका कुठे आहे हे ठरवतो ते डोळा कुठे वळला आहे त्यावरून. डोळा डावीकडे आणि कॅमेरा समोर असला की टेबलावरच्या कपाला घातलेला हात बाजूने जातो. डोळे स्थिर ठेवून मान फिरवत 'झाडून' बघायला शिकावं लागतं, त्यात महिने जातात. शिवाय ठिपका एका जागी टिकत नाही, काही क्षणांत विरतो. एवढं करून आर्गस-२ वर मोजलेली सर्वांत चांगली नजर २०/१२६० होती, आपल्याकडच्या तक्त्याच्या भाषेत ६/३७८, म्हणजे निरोगी डोळ्याला ३७८ मीटरवरून दिसेल ते या माणसाला सहा मीटरवर आल्यावर दिसतं. दरवाजाची चौकट सापडणं, जमिनीवरची पांढरी पट्टी धरून चालणं, समोर कुणीतरी उभं आहे हे कळणं, असा फायदा काहींना झाला. काहींनी थोड्या दिवसांत चष्मा खणात ठेवून दिला. मूळ चाचणीतल्या ३० जणांपैकी १२ जणांना पाच वर्षांत गंभीर गुंतागुंत झाली. वरून उपकरणाचीच किंमत दीड लाख डॉलरच्या आसपास.

जर्मनीत ट्यूबिंगनला एबरहार्ट त्स्रेनर यांच्या गटाने दुसरी वाट धरली. चिप पडद्याच्या वर नाही, खाली, मेलेल्या प्रकाशपेशींच्या जागी. तिथून आधी द्विध्रुवी पेशी लागतात, रेघांचा त्रास बराच टळतो आणि उरलेल्या पेशींकडून थोडीफार नैसर्गिक प्रक्रिया करून घेता येते. अल्फा आयएमएस नावाच्या या ३ मिलिमीटरच्या चौकोनी चिपमध्ये १५०० प्रकाशग्राहक होते, कॅमेरा नव्हताच, डोळा फिरला की चिपही फिरे. मोजलेली उत्तम नजर २०/५४६, म्हणजे सुमारे ६/१६४. नीट बघा: इलेक्ट्रोड पंचवीस पट, नजर साधारण सव्वादोन पट. तुमच्या प्रश्नाचं सर्वांत प्रामाणिक उत्तर या दोन आकड्यांत आहे. आणि चिपला वीज द्यायला कानामागून डोळ्यापर्यंत कातडीखालून केबल न्यावी लागे. डोळा दिवसभर हलतो, केबल वाकत राहते. पहिल्या पिढीत केबल तुटणं आणि ओलावा चिपपर्यंत पोहोचणं हेच आयुष्य संपवणारे आजार ठरले.

आता बातमीतली चिप. प्रिमा. स्टॅनफर्डचे डॅनियल पालँकर यांची कल्पना, पॅरिसच्या पिक्सियम व्हिजनने बनवलेली. २ मिलिमीटर लांबी-रुंदी, ३० मायक्रॉन जाडी, म्हणजे केसाहून पातळ, आणि आत ३७८ पिक्सेल. यातली युक्ती मला मनापासून आवडते, कारण तिने तारांचा प्रश्न सोडवायच्या फंदात न पडता तारच काढून टाकली. प्रत्येक पिक्सेल म्हणजे एक बारीकसा सौर सेल. चष्म्यातला प्रोजेक्टर कॅमेऱ्याचं चित्र ८८० नॅनोमीटरच्या अवरक्त प्रकाशात चिपवर टाकतो. त्याच प्रकाशातून पिक्सेलला वीजही मिळते आणि माहितीही. केबल नाही, डबी नाही, भोकं नाहीत. अवरक्त का? कारण साध्या उजेडाची डोळ्यात पोहोचणारी ताकद पेशी जागी करायला फारच अपुरी, आणि तेवढा झगझगीत दृश्य प्रकाश टाकला तर रुग्णाच्या शाबूत कडेच्या पडद्याला तो सहन होणार नाही. ८८० नॅनोमीटर त्या शाबूत पेशींना दिसतच नाही. त्यामुळे मध्ये चिपची नजर आणि कडेला स्वतःची नजर अशा दोन्ही एकदम वापरता येतात.

आता हिशेब. पडद्यावर एक अंश म्हणजे साधारण २९० मायक्रॉन, त्याचा साठावा भाग पाच मायक्रॉनहून जरा कमी. ६/६ नजरेला तक्त्यावरच्या अक्षराची रेघ तेवढीच जाड असते. प्रिमाचा पिक्सेल १०० मायक्रॉनचा, म्हणजे त्याच्या एकवीसपट. सहाला एकवीसने गुणा: ६/१२६. चिपने सगळं बिनचूक केलं तरी तिची कमाल नजर एवढीच. आपल्या २०१६ च्या दिव्यांग कायद्यात अंधत्वाची एक रेषा ३/६० ला, म्हणजे ६/१२० ला आहे. म्हणजे चिपची परमावधी गाठलेला माणूसही कागदोपत्री अंधच. बातमीत हे कुणी लिहिलं नाही.

मग वाचता कसं आलं? चष्म्यातल्या झूमने. कॅमेरा अक्षर बारा पटींपर्यंत मोठं करू शकतो. माणूस एकेक अक्षर चिपवर आणून वाचतो. सावकाश, थकवणारं, पण वाचन खरंच. ऑक्टोबर २०२५ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये निकाल आले: युरोपातल्या पाच देशांतल्या १७ केंद्रांत ३८ जणांना चिप बसवली, वर्षाच्या तपासणीला ३२ जण पोहोचले आणि त्यातल्या २६ जणांची नजर तक्त्यावर किमान दोन ओळींनी सुधारली. सरासरी सुधारणा पाच ओळींची, एकाची तर ५९ अक्षरांची. गंभीर दुष्परिणाम १९ जणांत मिळून २६, बहुतेक ऑपरेशननंतरच्या दोन महिन्यांतले आणि निभावलेले. चिप न बसवलेला तुलनेचा गट नव्हता, हे लक्षात ठेवायला हवं. तरी या क्षेत्रात मी पाहिलेला सर्वांत भक्कम निकाल हाच. हे सगळे रुग्ण मॅक्युलाच्या कोरड्या झिजेचे होते, सरासरी वय ऐंशीच्या उंबरठ्यावर.

पिक्सेल आणखी बारीक का करत नाहीत? केलेत, उंदरांत. पण माणसात चिप आणि द्विध्रुवी पेशी यांच्यामध्ये मेलेल्या थराचा गाळ असतो. शेजारच्या पिक्सेलची वीज एकमेकांत मिसळू नये म्हणून प्रत्येक पिक्सेलभोवती परतीचा इलेक्ट्रोड असतो, आणि पिक्सेल जितका लहान तितकं हे विजेचं क्षेत्र उथळ होत जातं. एका आकाराखाली ते गाळच ओलांडू शकत नाही. परतीचा इलेक्ट्रोड काढला तर वीज खोल जाते पण सगळं एकात एक मिसळून चित्राचं फिकट पिठलं होतं. म्हणून आता चिपवर भिंती आणि खळगे उभारून पेशींनाच त्यात उतरू देण्याचे प्रयोग चालू आहेत. पेशी खळग्यात शिरतात हे उंदरांत दिसलं आहे. पुढची झेप आली तर या बाजूने येईल असं माझं मत. कॅमेऱ्याच्या बाजूने नक्की नाही.

या गोष्टीचा एक भाग इंजिनिअरिंगच्या वर्गात शिकवत नाहीत. सेकंड साइटने २०१९ मध्ये आर्गस-२ बसवणं थांबवलं, २०२० मध्ये बहुतेक कर्मचारी काढले. जगभरात साडेतीनशेच्या आसपास लोकांच्या डोळ्यांत ते उपकरण होतं. चष्मा मोडला, प्रोसेसर बिघडला तर विचारायचं कुणाला? एमआरआय काढायची वेळ आली तर रेडिओलॉजिस्टला माहिती कोण देणार? 'आयईईई स्पेक्ट्रम' या इंजिनिअरांच्या मासिकाने २०२२ मध्ये याची सविस्तर बातमी केली होती, तुम्ही विद्यार्थी असाल तर ती शोधून वाचाच. अल्फा बनवणारी रिटिना इम्प्लांट कंपनी २०१९ मध्ये बंद झाली. पिक्सियम व्हिजन दिवाळखोरीत गेली आणि प्रिमा २०२४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सायन्स कॉर्पोरेशनने विकत घेतली. तिन्ही मूळ कंपन्या गेल्या. विज्ञान चुकलं म्हणून नाही: आरपी साधारण चार हजारांत एकाला, त्यातही पूर्ण दृष्टी गेलेले थोडे, उपकरण महाग, फायदा मर्यादित. प्रिमाने मॅक्युलाची झीज निवडली यात रुग्णसंख्येचाही विचार आहे.

आता मामा. समजा उद्या प्रिमा आरपीसाठी तपासली गेली. चिप २ मिलिमीटरची, म्हणजे सातेक अंशांची खिडकी. हात लांब करून तीन-चार बोटं धरली तर जेवढी जागा व्यापतील तेवढी. मॅक्युलाच्या रुग्णाला चालायला-फिरायला कडेची नजर असते, त्याला हवी असते ती मधली, वाचायची. मामांची कडेची नजर आधीच गेली आहे. त्यांना रोज अडतं ते उंबरठ्यावर, रस्त्यावर, गर्दीत. त्या अडचणीला सात अंशांची खिडकी फारशी उपयोगी नाही. त्यांच्या आजारासाठी माझी नजर ऑप्टोजेनेटिक्सवर आहे: उरलेल्या गॅंग्लियन पेशींमध्ये जनुकाद्वारे प्रकाशसंवेदी प्रथिन घालायचं. २०२१ मध्ये ५८ वर्षांच्या एका आरपी रुग्णाला असं केल्यावर, खास गॉगल घालून, टेबलावरच्या वस्तू शोधता आणि मोजता आल्या. अजून चाचण्यांच्याच पातळीवर आहे, पण पडदाभर पसरू शकतं आणि तारा लागत नाहीत.

तोवर मामांना चांगल्या पडद्याच्या डॉक्टरांकडे न्या. आरपी आहे म्हणून पुढे काही बघायचंच नाही, असं घरोघरी होतं. आरपीत मोतीबिंदू लवकर येतो, मॅक्युलाला सूज येते, आणि दोन्हींवर उपचार आहेत. जनुकीय तपासणी करून घ्या. आरपीईसिक्स्टीफाइव्ह या एका जनुकातल्या दोषासाठी अमेरिकेत २०१७ पासून मान्य उपचार आहे, बाकीच्या जनुकांसाठी चाचण्या निघत असतात, आणि कोणतं जनुक बिघडलं हे माहीत नसेल तर कुठल्याच रांगेत उभं राहता येत नाही.

आणि तुमचं काम इथे आहे. आजार आईच्या भावाला आहे. आरपीचा एक प्रकार एक्स गुणसूत्रातून येतो: आई वाहक असते, तिला फारसा त्रास नसतो, आणि मुलाला तो मिळण्याची शक्यता निम्मी. तुमच्या घरात तोच प्रकार आहे असं मी म्हणत नाही. पण आजोळकडच्या तीन पिढ्यांची नावं कागदावर मांडा, कुणाला रात्री दिसत नव्हतं ते आजीला विचारा, आणि तो कागद घेऊन स्वतःही एकदा पडदा तपासून या. दुसरे काही प्रकार नात्यातल्या लग्नांतून वर येतात, आणि मामाची मुलगी करून आणायची रीत आपल्याकडे अजून आहेच, तेव्हा मामांच्या मुलांनाही हे सांगायला हवं.

स्टेम सेलच्या जाहिरातींपासून लांब राहा. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे डोळ्याच्या पडद्यासाठी स्टेम सेल 'उपचार' म्हणून विकता येत नाहीत, फक्त नोंदणी केलेल्या चाचणीत देता येतात. चाचणी खरी असेल तर सीटीआरआयच्या, म्हणजे भारतातल्या वैद्यकीय चाचण्यांच्या नोंदवहीच्या, संकेतस्थळावर तिचा नंबर सापडतो आणि चाचणीतल्या उपचाराचे पैसे रुग्णाकडून मागत नाहीत. रोजच्या जगण्यासाठी मात्र पांढऱ्या काठीचं रीतसर प्रशिक्षण आणि फोनवरचा मराठी बोलणारा स्क्रीन रीडर. लोकांना हे कमीपणाचं वाटतं, पण आजच्या घडीला कागद समोर धरून वाचून दाखवणारा फोन आर्गसच्या साठ ठिपक्यांपेक्षा कितीतरी जास्त कामाचा आहे. हे मी इलेक्ट्रोडवर पोट भरणारा माणूस म्हणून सांगतो.

पुढे कधी मामांसाठी अशा उपकरणाची चाचणी समोर आलीच, तर डॉक्टरांना नजर किती सुधारेल हे विचारालच. त्याबरोबर हेही विचारा आणि उत्तर लेखी घ्या: कंपनी बंद पडली तर चष्मा आणि सुटे भाग कोण देणार, उपकरणाची तांत्रिक माहिती रुग्णालयाकडे राहणार का, ते डोळ्यात असताना एमआरआय कोणत्या अटींवर काढता येईल, आणि काढून टाकायची वेळ आली तर ते ऑपरेशन कोण करणार आणि खर्च कुणाचा.